मरुभूमीत रमलेला पाहुणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्ञानपंचमीच्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि कार्यकर्त्यांचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु आजचा दिवस ज्ञानपंचमीचा. आज पाटावर पोथ्या मांडून त्यांचे पूजन होते, ज्ञानाची आराधना होते. अशा दिवशी जन्माने जैन नसलेल्या, भारतीयही नसलेल्या, आणि तरीही जैन ग्रंथांच्या आधाराने मरुभूमीपर्यंत येऊन पोहोचलेल्या एका तरुण अभ्यासकाचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरणार नाही. त्यांचे नाव लुइजी पिओ तेस्सितोरी. इटलीतून ते १९१४ साली भारतात आले. मारवाड आणि बिकानेरच्या वाळवंटात ते असे रमले की त्यांचा मुक्काम वाढतच गेला. पाच वर्षांनी ते एकदा मायदेशी गेले, पण तेथे न राहता पुन्हा त्याच वाळूकडे परतले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यावेळी त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते.

या सभागृहात बसलेल्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव त्याच मुलखात आहे. नागौर, पाली, जोधपूर, बिकानेर ही नावे घराघरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. लग्नपत्रिकेत मूळ गावाचा उल्लेख आजही आवर्जून होतो. जडुला उतरविण्यासाठी, कुलदेवीच्या दर्शनासाठी कुटुंबे तिकडे जातात, दोन दिवस राहतात आणि परत येतात. ज्या भूमीतून पूर्वज पोटापाण्यासाठी बाहेर पडले, त्याच भूमीत एक परका मनुष्य सर्व सुखसोयी सोडून येतो आणि तेथून त्याचा पाय निघत नाही, ही घटना विचार करायला लावणारी आहे.

प्रथम त्या भूमीचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. बिकानेरच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी २५ ते ३० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर पौष-माघात रात्री गोठवणारी थंडी पडते. वाळूच्या टेकड्यांना तेथे धोरे म्हणतात. वारा सुटला की धोऱ्यांचा आकार पालटतो आणि काल दिसलेली वाट आज दिसत नाही. पावसाचे पाणी जमिनीखालच्या कुंडांत साठवून पुरवून पुरवून वापरावे लागते. बाजरी, मोठ, खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी, आणि कैर हे तेथील माणसाचे अन्न. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, छपनिया दुष्काळ मारवाडातील पिढ्यांच्या स्मरणात राहिला. अशा मुलखातून माणसे दक्षिणेत, खानदेशात, वऱ्हाडात, अहमदनगर-पुण्याकडे आली, त्यांनी पेढ्या थाटल्या, येथील भाषा आपलीशी केली, यात नवल नाही. तेस्सितोरी यांची वाट मात्र अगदी उलट दिशेची होती.

तेस्सितोरी यांचा जन्म १३ डिसेंबर १८८७ रोजी इटलीच्या ईशान्य भागातील उदिने या शहरात झाला. घरात राजवैभव नव्हते, वडील नोकरदार होते. फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात शिकत असताना संस्कृत आणि प्राकृत भाषांची त्यांना इतकी गोडी लागली की सहाध्यायी त्यांना ‘हिंदुस्थानी लुइजी’ म्हणून चिडवीत. त्यांनी तुलसीदासांचे रामचरितमानस आणि वाल्मीकींचे रामायण यांची तुलना करणारा प्रबंध लिहिला. पुढे या अभ्यासाचे इंग्रजी रूप ‘इंडियन अँटिक्वरी’ या मुंबईच्या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. हे सर्व घडेपर्यंत त्यांनी भारताची भूमी पाहिलेली नव्हती.

मग ते मरुभूमीकडे कसे वळले? याचे उत्तर जैन पोथ्यांत आहे. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात भारतातून गेलेल्या जैन हस्तलिखितांचा संग्रह होता. मूळ प्राकृत ग्रंथांवर सामान्य श्रावकांना समजावे म्हणून लोकभाषेत लिहिलेली विवरणे, ज्यांना आपल्या परंपरेत बालावबोध म्हणतात, त्यांत होती. धर्मदास गणींच्या उपदेशमालेचा अभ्यास तेस्सितोरी यांनी केला आणि तो इटलीत प्रसिद्ध केला. या विवरणांची भाषा वाचताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अपभ्रंश आणि आजची गुजराती-मारवाडी यांच्या मधला एक दुवा या पोथ्यांत जिवंत राहिलेला आहे. त्यांनी त्या भाषेस ‘जुनी पश्चिमी राजस्थानी’ असे नाव दिले आणि तिचे सविस्तर व्याकरण लिहिले. ते १९१४ ते १९१६ या काळात ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाले. गुजराती आणि मारवाडी या दोन्ही भाषा त्या एकाच मुळापासून फुटल्या, हे त्यांनी उदाहरणे देऊन दाखविले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आजही डावलता येत नाही. ज्या बालावबोधांना पंडितांनी कधी फारसे मोल दिले नाही, त्या साध्या विवरणांनी एका भाषाकुळाचा इतिहास जपून ठेवला होता, ही बाब समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पोथी वाचणारा मनुष्य पोथीच्या गावाला जाण्याची इच्छा धरतोच. भारतात काम मिळावे म्हणून तेस्सितोरी यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे अर्ज केला. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे प्रमुख सर जॉर्ज ग्रियर्सन यांचे त्यांना पाठबळ होते. त्याच सुमारास त्यांचा पत्रव्यवहार आचार्य विजयधर्मसूरी यांच्याशी सुरू झाला. आचार्यश्रींचा जन्म १८६८ साली सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. काशीसारख्या ठिकाणी त्यांनी १९०३ साली यशोविजय जैन पाठशाळा स्थापन केली, जैन ग्रंथांच्या प्रकाशनास चालना दिली आणि देशोदेशींच्या विद्वानांना हस्तलिखिते व माहिती पुरवून जैन विद्येची कवाडे उघडली. आपले ग्रंथ परक्याच्या हाती देऊ नयेत अशी भावना प्रबळ असलेल्या काळातील ही गोष्ट आहे. आचार्यश्रींनी या इटालियन तरुणाच्या शंकांचे निरसन केले, इतकेच नव्हे तर राजस्थानातील एका जैन शाळेत अध्यापनाचे कामही देऊ केले. ख्रिस्ती धर्मात जन्मलेल्या व्यक्तीने जैन समाजात कसे राहावे याविषयीची बोलणी चालू असतानाच सरकारी मंजुरी आली आणि १९१४ च्या एप्रिलमध्ये तेस्सितोरी मुंबई बंदरात उतरले.

पुढे १९१७ साली त्यांनी आचार्यश्रींचे छोटेखानी चरित्र इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले. एका पाश्चात्त्य अभ्यासकाने समकालीन जैन साधूंचे चरित्र लिहावे हा त्या काळात दुर्मीळ योग होता. गुरू मानलेल्या व्यक्तीविषयीची कृतज्ञता हा त्यामागचा भाव होता.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने राजपुतान्यातील चारण-भाटांच्या काव्यांचे आणि ऐतिहासिक बखरींचे सर्वेक्षण हाती घेतले होते. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी त्याची प्राथमिक पाहणी केली होती. ते काम तेस्सितोरी यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी जोधपुरात आरंभ केला. काम सोपे नव्हते. पोथ्या खाजगी घरांत, ठाकुरांच्या गढ्यांत, चारणांच्या गाठोड्यांत होत्या. धनी ती दाखविण्यास राजी नसत. एक परदेशी माणूस आपल्या राज्याचा इतिहास लिहिणार, हे काही अधिकाऱ्यांना रुचले नाही. दुसरा कोणी असता तर जोधपूरचा अहवाल लिहून, मुंबईची आगगाडी पकडून मोकळा झाला असता. तेस्सितोरी यांनी तसे केले नाही. बिकानेर दरबाराचे निमंत्रण आले तेव्हा १९१५ च्या अखेरीस ते वाळवंटात आणखी आत गेले. महाराजा गंगासिंह यांच्या राज्यात त्यांना आश्रय आणि सहकार्य मिळाले आणि पुढे बिकानेर हेच त्यांचे घर झाले.

डिंगल ही चारणांची काव्यभाषा. ती कानाने शिकावी लागते, कारण तिचा अर्धा प्राण उच्चारात आहे. तेस्सितोरी चारणांच्या पायाशी बसून ती शिकले. त्यांनी तीन महत्त्वाच्या काव्यग्रंथांचे चिकित्सक संपादन केले. खिडिया जगा याने रचलेली राठोड रतनसिंहांची ‘वचनिका’ १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय १६५८ ची उज्जैनजवळील धरमतची लढाई. बिकानेरच्या राजघराण्यातील पृथ्वीराज राठोड यांची ‘वेलि क्रिसन रुकमणी री’ १९१९ साली आली. वीठू सूजा याने रचलेला राव जैतसींचा ‘छंद’ १९२० साली छापून झाला, तोपर्यंत संपादक या जगात नव्हते. याखेरीज जोधपूर आणि बिकानेर येथील हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची त्यांनी १९१७-१८ मध्ये प्रसिद्ध केल्या. कोणती पोथी कोणाकडे आहे, तिची पाने किती, लिपिकाराने कोणता संवत दिला आहे, आरंभ-समाप्ती कशी आहे, या सर्व नोंदी त्यांत आहेत. जुन्या पेढीवर रोजमेळ जसा चोख लिहिला जात असे, तसेच हे काम आहे.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक जिव्हाळ्याचा धागा आहे. ‘वेलि’ची नायिका रुक्मिणी ही विदर्भाची राजकन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. वऱ्हाडच्या कन्येची कथा अकबराच्या काळातील एका राठोड वीराने मरुभाषेत गायिली आणि ती जगापुढे आणली इटलीच्या अभ्यासकाने. बिकानेर आणि महाराष्ट्र यांचे नाते येथेच संपत नाही. बिकानेरचे राजे करणसिंह मोगलांच्या सेवेत दक्षिणेत होते. आजच्या छत्रपती संभाजीनगरातील करणपुरा आणि पदमपुरा या वस्त्यांना त्या घराण्यातील पुरुषांची नावे आहेत. करणसिंहांचे पुत्र अनूपसिंह यांनी दक्षिणेतील मोहिमांच्या धामधुमीत हस्तलिखिते जमवून बिकानेरला पाठविली. बिकानेरचे अनूप संस्कृत ग्रंथालय त्या संग्रहातून उभे राहिले. लढाईच्या मुलखातून सोने-नाणे नेणारे पुष्कळ असतात, पोथ्या नेणारा विरळा.

ग्रंथांबरोबर तेस्सितोरी यांनी भूमीही वाचली. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांच्यासाठी ते उंटावरून गावोगाव हिंडले. देवळ्या, म्हणजे वीरांचे आणि सतींचे स्मृतिस्तंभ, त्यांवरील लेख, नाणी, मूर्ती, ओसाड टेकाडे यांची त्यांनी नोंद केली. घग्गर नदीच्या कोरड्या पात्रालगत त्यावेळी कालव्याचे पाणी नव्हते. गंग कालवा १९२७ साली सुरू झाला आणि मग तो मुलूख हिरवा झाला. तेस्सितोरी फिरले ते त्याआधीच्या रखरखीत प्रदेशात. रंगमहल येथील टेकाडांतून त्यांना गुप्तकाळाकडे झुकणारी सुंदर मृण्मय शिल्पे मिळाली. पल्लू या गावी संगमरवराच्या दोन भव्य सरस्वती मूर्ती सापडल्या. त्यांतील एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरी बिकानेरच्या संग्रहालयात. या मूर्ती जैन परंपरेतील श्रुतदेवतेच्या आहेत. पल्लूच्या सरस्वतीचे छायाचित्र पुस्तकांतून अनेकांनी पाहिले असेल. हातात पोथी, अक्षमाला आणि कमंडलू धरलेली, अलंकारांनी नटलेली ती प्रसन्न मूर्ती भारतीय शिल्पकलेचा एक मानबिंदू मानली जाते. जैन पोथीचे बोट धरून जो मरुभूमीत आला, त्याच्याच हातून जैन सरस्वती वाळूतून वर आली, या योगायोगाचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

त्याच भ्रमंतीत त्यांना कालीबंगा येथील टेकाडावर तीन लहान वस्तू मिळाल्या. कालीबंगा म्हणजे काळ्या बांगड्या. तेथे मातीच्या जुन्या बांगड्यांचे तुकडे विखुरलेले असत. मिळालेल्या वस्तूंपैकी दोहोंवर कोणाला न वाचता येणारी अक्षरे होती. ही अक्षरे फार प्राचीन, इतिहासपूर्व लोकांची असावीत असा अंदाज त्यांनी बांधला आणि १९१९ साली इटलीत असताना तो ग्रियर्सन यांना पत्राने कळविला. भारतात परत गेल्यावर त्या मार्शल यांना दाखवाव्यात, असे उत्तर आले. तो योग आला नाही. पुढे १९२४ साली मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे मांडला. कालीबंगा हे त्याच संस्कृतीचे एक मोठे नगर होते, हे १९५० नंतर अमलानंद घोष यांच्या पाहणीत स्पष्ट झाले आणि १९६० च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या उत्खननात ते सिद्ध झाले. नांगरलेल्या शेताचा अतिप्राचीन पुरावाही तेथे मिळाला. तेस्सितोरी यांच्या हाती त्या संस्कृतीची किल्ली आली होती, परंतु कुलूप दाखविणारा भेटण्यापूर्वीच काळाने त्यांना गाठले.

आता त्यांच्या घराकडे वळले पाहिजे, कारण या चरित्रातील सर्वांत कठीण प्रश्न तेथे आहे. ते मरुभूमीत असताना युरोपात पहिले महायुद्ध भडकले. इटली १९१५ साली त्यात उतरली. १९१७ च्या ऑक्टोबरात शत्रूसैन्याने उदिने शहर घेतले आणि ते १९१८ च्या नोव्हेंबरापर्यंत त्याच्या ताब्यात राहिले. पुत्र सहस्रावधी मैलांवर वाळवंटात आणि घर परचक्राखाली, अशी ती स्थिती होती. युद्ध संपल्यावर आई अत्यवस्थ असल्याची वार्ता आली आणि १७ एप्रिल १९१९ रोजी ते मायदेशी निघाले. पण समुद्रप्रवास लांबचा. ते पोहोचले तेव्हा मातेचे निधन झालेले होते. पाच वर्षांत पुत्राचे मुख तिला दिसले नाही.

त्यानंतर ते काही महिने इटलीत राहिले. विद्वान म्हणून त्यांचे नाव झाले होते, वय अवघे एकतीस होते, तेथेच स्थिरावणे शक्य होते. त्यांनी परतीचे जहाज पकडले. त्या वर्षी स्पॅनिश फ्लूच्या साथीने जगभर हाहाकार माजविला होता. जहाजावरच त्यांना त्या रोगाने गाठले. नोव्हेंबरात ते बिकानेरला पोहोचले ते आजारी अवस्थेतच आणि २२ नोव्हेंबर १९१९ रोजी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. ज्या वाळूच्या ओढीने ते परतले, तिनेच त्यांना कुशीत घेतले.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल आणि ती यावयास हवी. मातेच्या अंतसमयी पुत्र दूर राहिला, तो एका भूमीच्या प्रेमापोटी. हे प्रेम म्हणजे मोहच नव्हे काय? जिनवाणी तर रागाला बंधनाचे मूळ मानते. घराचा राग सोडून वाळवंटाचा राग धरला, तर सुटले काय आणि मिळविले काय? या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. मातेचे दुःख लहान मानण्याचा अधिकार कोणालाच नाही. व्यापारासाठी परमुलखात गेलेल्या मुलांची वाट पाहत डोळे मिटलेल्या माता मारवाडातही थोड्या नव्हत्या. आज ज्या घरांतील मुले परदेशी स्थायिक आहेत, तेथील मातापित्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

परंतु आपल्या आचार्यांनी रागातही भेद केला आहे. विषयांवरचा राग अप्रशस्त. देव, गुरू, धर्म आणि ज्ञान यांवरचा राग प्रशस्त. प्रशस्त राग पुण्याकडे नेतो, तरी तोही शेवटी रागच, हे सांगण्यास शास्त्र कचरत नाही. गौतमस्वामींचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. भगवान महावीरांवरील त्यांचे प्रेम इतके गाढ होते की तेच केवलज्ञानाच्या आड आले. पावापुरीस प्रभूंचे निर्वाण झाले तेव्हा गौतमस्वामी जवळ नव्हते. वियोगाच्या विलापातूनच त्यांना रागाचे खरे स्वरूप कळले आणि केवलज्ञान प्रकटले. साक्षात गणधरांना ज्या प्रशस्त रागाने अडविले, त्यातून उदिनेच्या तरुणाने मुक्त असावे अशी अपेक्षा कोण करील? एवढेच म्हणता येईल की त्यांच्या प्रेमाने भूमीकडून काही ओरबाडले नाही. जे सापडले ते नोंदविले, जे शिकले ते छापले. स्वतःसाठी त्यांनी त्या वाळूत फक्त एक कबर मिळविली.

एखाद्या ठिकाणी राहिल्याने काय साधते, हे पाहण्यासाठी दुसरे एक उदाहरण घेता येईल. जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनभद्रसूरी ज्ञानभांडार जगप्रसिद्ध आहे. १८७४ साली ब्यूलर आणि याकोबी हे दोन थोर विद्वान तेथे जाऊन आले. त्यांचा मुक्काम अल्प होता, तरी त्यांच्या भेटीने भांडाराची कीर्ती युरोपात पोहोचली. त्यानंतर १९५० साली आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी जैसलमेरास गेले आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिले. पाण्याची टंचाई, असह्य ऊन आणि धूळ सोसून त्यांनी ताडपत्रे एकेक करून जुळविली, विस्कटलेली पाने लावली, सूची केली आणि जपणुकीची व्यवस्था लावली. पाहुणा म्हणून जाणाऱ्यास भांडाराचे दार दिसते. राहणाऱ्यास त्यातील पाने दिसतात. धावत्या भेटीत श्रद्धा व्यक्त होते आणि तिचेही मोल आहे, परंतु जीर्णोद्धार व्हायचा तर कोणाला तरी थांबावे लागते.

तेस्सितोरी यांच्या निधनानंतर त्यांचे नाव बराच काळ मोजक्या अभ्यासकांपुरते उरले. बिकानेरातील त्यांची कबर उपेक्षित होती. हे शल्य ज्यांना बोचले ते विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते, व्यापारी होते. मूळचे बिकानेरचे आणि व्यवसायानिमित्त उत्तर प्रदेशात गेलेले हजारीमल बाँठिया यांनी पुढाकार घेऊन १९५६ साली तेथे समाधी उभारविली. एवढ्यावर न थांबता त्यांनी इटलीशी संपर्क ठेवला, तेथे जाऊन तेस्सितोरी यांच्या पत्रव्यवहाराच्या प्रती आणल्या. कालीबंगाच्या त्या तीन वस्तूंची हकिकत भारतात ज्ञात झाली ती या पत्रांमुळे. पत्र लिहिले गेले म्हणून ती उरली आणि एका श्रावकाने ती शोधली म्हणून ती कळली. आज उदिने शहरात तेस्सितोरी यांच्या नावाची भारतविद्या संस्था आहे. बिकानेरातच अगरचंद नाहटा यांनी अभय जैन ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते जमविली. नाहटाजींचे शालेय शिक्षण अल्प होते आणि घरचा व्यवसाय व्यापाराचा होता. विद्या ही केवळ पंडितांची मिरास नाही, हे या दोघांनी दाखवून दिले.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेसमोर इमारतीचा विस्तार, भोजनशाळा, वैद्यकीय साह्य असे अनेक संकल्प आहेत. त्यांच्या जोडीला एक लहान संकल्प घेता येण्याजोगा आहे आणि त्याला फार मोठा निधी लागणार नाही. मारवाडातून येताना पूर्वजांनी आणलेल्या पोथ्या, रास आणि सज्झायांची हस्तलिखिते, मोडी किंवा महाजनी अक्षरांतील वह्या, वंशावळी, दिगावरांची पत्रे अजूनही काही घरांत माळ्यावरच्या पेटीत पडून आहेत. ती वाचणारी पिढी मावळत चालली आहे. घर नव्याने बांधताना अशी बाडे रद्दीत जातात आणि त्यांत कोणता बालावबोध, कोणत्या भाषेचा दुवा होता, हे कोणास कळतही नाही.

यासाठी प्रत्येक घराने चार गोष्टी कराव्यात. पहिली, पेटी उघडून आत काय आहे त्याची यादी करावी. पानांची संख्या, संवत आणि लिहिणाऱ्याचे नाव दिसत असल्यास ते लिहावे. दुसरी, पोथीवरचे जुने वेष्टन कुजले असेल तर नवे बासन घालावे. त्यासाठी भरजरी कापड नको. कोरा मांजरपाट दोन-तीन वेळा धुऊन, त्यातील खळ पूर्ण काढून, उन्हात खडखडीत वाळवून वापरावा. खळीवर कीड येते आणि कापडाबरोबर पानेही खाते. तिसरी, पोथी घराबाहेर देण्याची इच्छा नसेल तर देऊ नये, पण तिची छायाचित्रे संस्थेकडे जरूर द्यावीत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून मूळ गाव, तेथून निघण्याचे कारण, वाटेतील मुक्काम आणि येथील पहिले दुकान यांची हकिकत तिच्याच मारवाडी बोलीत ध्वनिमुद्रित करावी. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये. अशा आठवणींना मुदतवाढ मिळत नाही.

आणि पुढच्या वेळी मूळ गावी दर्शनाला जाल तेव्हा परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढावे. मंदिराचा शिलालेख वाचून पाहावा, गावातील ज्ञानभांडाराची अवस्था विचारावी, एखाद्या वृद्ध चारणाचे चार बोल ऐकावेत, सायंकाळी धोऱ्यावर जाऊन बसावे. एका परदेशी पाहुण्याने त्या भूमीसाठी आयुष्याची पाच वर्षे दिली. तिच्या लेकरांना दोन दिवस जड जाऊ नयेत.